चिकटलेले मणके

गेल्या डिसेंबरपासून आमच्या समोरचे जयवंतराव इंगळे खाली बसायचेच थांबले. जेवायला टेकायचे, स्कूटरवर बसायचे, पण आपण ज्याला बसणं म्हणतो ते नाही. त्यांची गॅलरी सात पावलं लांब आहे. हे मला माहीत आहे, कारण माझी खुर्ची समोरच्याच गॅलरीत असते आणि गुडघ्याने मला दुसरा उद्योग ठेवलेला नाही. सात पावलं जायचं, कुंडीतल्या कोरफडीला बोट लावायचं, सात पावलं परत यायचं. महिनाभरात कोरफडीचं एक पान त्या बोटापायी पिवळं पडलं. मी दोनदा ओरडले, "अहो, तिला तरी जगू द्या!" दुसऱ्यांदा ओरडल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, कारण आत त्यांची बायको राजेश्वरी आजारी होती.

मी शाळेत तेहतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे निजामपुऱ्यातले अर्धे लोक मला ‘कमलाबाई’ म्हणतात आणि उरलेले अर्धे मला पाहून रस्ता बदलतात. आमचे पणजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात कारकून, इंगळ्यांचे पागेत शिलेदार. त्या काळी त्यांनी आमच्याकडे बघून मिशीला पीळ दिला असता आणि आम्ही त्यांच्या रजेच्या अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसलो असतो. आता दोन्ही घरांना गॅसची पाइपलाइन एकच आहे आणि मिशी जयवंतरावांनाही नाही. शिलेदारीतल्या त्यांच्याकडे उरल्यात त्या दोनच गोष्टी: ताठ पाठ आणि आवाज. आवाज असा, की फोनवर हळू बोलतात तेव्हा तीन घरं ऐकतात.

आणि गंमत अशी, की हा माणूस मुळात चळवळ्या नाहीच. एकोणतीस वर्षं त्यांनी बसण्याचाच पगार घेतला. एका संशोधन संस्थेच्या पॉलिमर प्रयोगशाळेत ते सहायक आहेत. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. नववीच्या पोरांना मी हे रिळाचा दोरा उलगडून शिकवायची. जयवंतराव त्या माळांचे रव्याएवढे, काचेसारखे गोल दाणे करतात. पाण्यात तेलासारखा एक द्रव घालायचा, तापवायचं आणि आठ तास ढवळत ठेवायचं. ढवळतं यंत्र, पण वेग माणसाने ठरवायचा. ढवळल्याने त्या द्रवाचे थेंब होतात आणि उष्णतेने थेंबांचे दाणे होतात. मधले दोन-तीन तास मात्र थेंब चिकट असतात. तेव्हा कुणी वेग कमीजास्त केला, की थेंबाला थेंब चिकटून सगळ्याचा एक गोळा. म्हणून या कामात खरं कसब एकच, हात न लावणं. वेग एकदा लावला की जयवंतराव स्टुलावर बसायचे आणि ढवळणाऱ्या दांड्याचा आवाज ऐकत राहायचे. घाणा झाला की चाळायचा, धुवायचा, वाळवायचा. ते ‘बॅच’ म्हणत नाहीत, ‘घाणा’च म्हणतात, चकल्यांचा म्हणावा तसा.

या दाण्यांना मराठीत मणी म्हणायला हवं. पण प्रयोगशाळेच्या प्रमुख हीनाबेन, आणि गुजरातीत मणी म्हणजे मणको. "जयवंतभाई, मणका केवा थया?" म्हणजे मणी कसे झाले, असं रोज ऐकून यांच्याही तोंडात मणकेच बसले. आम्हा बडोदेकरांचं असंच असतं. आम्हाला वाटतं आम्ही घरात शुद्ध बोलतो. पुण्याची माझी भाची एकदा म्हणाली, "मावशी, तू भाजीला शाक म्हणालीस." मी म्हटलं, "म्हणाले असेन. खाल्लंस ना?"

राजेश्वरी कोल्हापूरकडची. बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली ती शिवणयंत्र घेऊनच. निजामपुऱ्यात लग्नाचं ब्लाउज शिवायचं तर तिच्याकडेच. मांडवीच्या बाजारात जाऊन लेस, टिकल्या, मणी स्वतः निवडून आणायची, आणि दुकानदाराने जुना माल दाखवला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. माझं एक ब्लाउज नोव्हेंबरपासून तिच्याकडे आहे, बाहीला मण्यांची किनार अर्धी लावलेली. ती लावता लावताच एके दिवशी तिला काखेशी गाठ लागली.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. तपासण्या, सुई, अहवाल. स्तनाचा कर्करोग, वेळेवर सापडलेला. डॉक्टर म्हणाले, आधी चार डोस केमोथेरपीचे, दर तीन आठवड्यांनी एक, मग शस्त्रक्रिया. चारही पूर्ण झाले तर बरं व्हायची आशा चांगली आहे. "पण चारही," असं ते दोनदा म्हणाले. अहमदाबादला नोकरी करणारा मुलगा, पृथ्वीराज, डोसाच्या दिवशी गाडी घेऊन यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. बाकीचे वीस दिवस ही दोघं.

ते औषध लाल असतं, डाळिंबाच्या रसासारखं. गाठीवर चालतं, पण वाटेत भेटेल त्यालाही सोडत नाही. केस गेले, तोंड आलं, अन्नाचा वास सहन होईना, आणि हृदयावर ताण येतो म्हणून तेही मधेमधे तपासायचं. आता दैवाचा खेळ बघा. नेमकं हेच लाल औषध जयवंतरावांच्या प्रयोगशाळेत होतं. हीनाबेनचं काम होतं ते या औषधाचा जाच कमी करण्याचं. त्यांच्या मण्यांना असा काही गुण दिलेला असतो, की औषधाचा रेणू जवळून गेला की ते त्याला धरून ठेवतात. काचेच्या उभ्या नळीत मणी भरायचे, वरून लाल पाणी सोडायचं. खाली येतं ते नितळ.

जयवंतरावांना त्या औषधाला हात लावायची परवानगी नव्हती. ते काचेपलीकडून बघायचे. डिसेंबरच्या सतरा तारखेला राजेश्वरीचा पहिला डोस झाला, आणि दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. बसा म्हटलं तर उभेच.

"बाई, वरून लाल, खालून पाणी. डोळ्यांनी पाहिलं. घरी येऊन बघतो तर हिची लघवी लाल. ते तिच्यातून जातंय आणि मी तिथे नळीकडे बघत उभा."

"जयवंतराव, ते संशोधन आहे. औषध व्हायला वर्षं लागतात."

"माहीत आहे. पण विचारतो. हे मणके तिला नुसते पाण्यातून प्यायला दिले तर?"

"जीव घ्यायचाय का तिचा?" मी अशी किंचाळले, की खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात आल्या. जयवंतराव खजील झाले, नाही नाही म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास माझ्या दिवाणखान्यात येरझारा घालून गेले. मी त्यांना त्या दिवशीच नीट समजावायला हवं होतं, की हे मणी चांगले निघाले तरी राजेश्वरीच्या कामाचे आहेत का, हे आधी विचारा. मला शंका होती. पण माणूस आशेवर उभा आहे असं मला वाटलं, आणि आशेला टाचणी लावायला मन धजेना. वर्गात एवढी तोंडाळ बाई, आणि नको तिथे गप्प बसले.

त्यानंतर हा माणूस पेटलाच. रोज सकाळी आठाला प्रयोगशाळेत. घाण्यामागून घाणा. दुपारी राजेश्वरीला खिचडी भरवायला घरी, परत तिकडे, संध्याकाळी परत इकडे. दवाखान्यात डॉक्टर बोलायला लागले की हे मधेच उठून बाहेर जायचे, पाण्याची बाटली आणतो म्हणून, आणि तीन बाटल्या आणायचे. पायाला भिंगरी लागली होती नुसती. बायकोची तब्येत विचारली तर उत्तर एकच, गुजराती ‘ने’ लावून: "चाललंय ने."

सात जानेवारीला दुसरा डोस झाला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन. त्यानंतर राजेश्वरीची पाठ आणि कंबर अशी धरली, की तिला कूस बदलता येईना. ती तक्रार करणारी नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

बारा तारखेला संध्याकाळी माझा फोन वाजला. गॅलरीत जयवंतराव, समोर मी, मधे पंचवीस फूट रस्ता. फोनची तशी गरजच नव्हती. पतंगांचे दिवस, गच्च्यांवर पोरांचा आरडाओरडा, तरी त्यांचा एकेक शब्द मला दोन्हीकडून ऐकू येत होता.

"सांभळा बाई," ते म्हणाले. सांभळा म्हणजे ऐका. त्यांची प्रत्येक वाईट बातमी याच शब्दाने सुरू होते. "खलास झालं सगळं."

"काय झालं?"

"मणके. चिकटले एकमेकांना. एक नाही, दोन नाही, वरपासून खालपर्यंत सगळे. नुसता गोळा झालाय."

"असं कसं?"

"मीच उतावळ केली, माझंच चुकलं. मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, हवे आमां कंई न थाय. आता यात काही होणं नाही."

"राजेश्वरीला बोललात?"

"नाही, नाही! तिला अजिबात कळू द्यायचं नाही. कळलं की ती पहिला तोच प्रश्न विचारेल. मला उत्तर नाही देता येणार, बाई."

मी काय समजायचं ते समजले. घाणा बिघडला होता. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चिकट वेळेला हात लावला होता. नंतर मला सांगितलं त्यांनी: स्टुलावर बसवेना, दांड्याचा आवाज मंद वाटला, वेग वाढवला, मग फार वाटला, कमी केला, मग झाकण उघडून बघितलं. दूध उतू जातंय का म्हणून दर मिनिटाला झाकण काढणाऱ्या नव्या सुनेसारखं. मी त्यांना म्हटलं, पुढचा घाणा चांगला होईल, जेवून घ्या. आणि फोन ठेवला. गॅलरीचं दार उघडं होतं आणि त्याला लागून राजेश्वरीची कॉट होती, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस राजेश्वरी फार शहाण्यासारखी वागली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. भाकरी नको झाली तरी दोन घास खायची, मुलाशी फोनवर हसून बोलायची. एकदा मला म्हणाली, "बाई, तुमचं ब्लाउज मी दुसरीकडे द्यायला सांगते. अर्धं राहायला नको." मी म्हटलं, बरी झालीस की दे, मला काय घाई आहे, मला कोण बघायला येणार आहे? ती हसली. माझ्या विनोदाला ती हसली की मला नेहमी बरं वाटतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला सुट्टी होती. तिसरा डोस दोन दिवसांवर आला होता, त्याआधी रक्त तपासायला माणूस घरी येणार होता. सकाळी दहाला जयवंतराव माझ्या दारात. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"बाई, ती नाही म्हणते."

"कशाला?"

"कशालाच. रक्त देणार नाही, डोस घेणार नाही. मला आता सुई नको, म्हणते. का म्हटलं तर, तुम्हाला ठाऊक आहे म्हणते. बाई, मला नाही ठाऊक! पृथ्वीराज फोनवर रडला, तरी नाही. डॉक्टर म्हणाले होते चारही. दोनावर सोडलं तर..." आणि एवढा उंच माणूस माझ्या उंबऱ्यात भिंतीला हात लावून उभा राहिला. मला त्यांना बघून भीती वाटली आणि मग त्यांचा भयंकर राग आला, का कोण जाणे. काठी घेतली आणि रस्ता ओलांडला.

राजेश्वरी कॉटवर बसली होती, डोक्याला सुती फडकं बांधून. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर म्हणजे गॅलरी. लगेच सात पावलं सुरू झाली.

"काय गं," मी म्हटलं, "हे काय काढलंस?"

"तुम्हीसुद्धा, बाई?" ती म्हणाली. आवाज शांत, डोळे मात्र असे, की मी खुर्ची शोधली. "ह्यांचं मी समजू शकते. ह्यांना मला सांगायची हिंमत नाही. पण तुम्ही रोज येऊन माझ्यासमोर विनोद करत होतात, आणि तुम्हाला सगळं माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"मणक्यात गेलंय ते."

माझ्या टाळक्यात तरीही उजेड पडेना. "कशाच्या मणक्यात?"

"माझ्या! फोनवर सांगत होते ना तुम्हाला. चिकटलेत सगळे, वरपासून खालपर्यंत, तपासणीच्या मॅडमनी सांगितलं काही होणार नाही, राजेश्वरीला सांगू नका. मी इथेच होते. पाठ तेव्हा अशी ठणकत होती की मला कुणी सांगायचीसुद्धा गरज नव्हती. आता कमी झालंय, पण ते असंच असतं म्हणे, मधे कमी होतं. मग कशाला ते लाल विष परत घ्यायचं? राहिलेत ते दिवस तरी तोंडाला चव असू दे."

ध चा मा होतो हे आम्ही इतिहासात शिकलो होतो. इथे तर एक अक्षरही बदललं नव्हतं. मी हसले. हसायला नको होतं, पण हसले, आणि राजेश्वरीने माझ्याकडे असं पाहिलं, की त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"राजेश्वरी, मणके म्हणजे मणी गं! ह्यांचे. प्रयोगशाळेतले. मांडवीत तू स्वतः ‘मणका बतावो’ म्हणत दुकानं पालथी घालतेस की नाही?"

तीस वर्षं मांडवीत तोच शब्द तिच्या तोंडी होता. पण भीती मायबोलीतच ऐकते, त्याला ती तरी काय करणार?

मग ती म्हणाली, "बाई, तुम्ही हुशार आहात. हे तुम्ही आत्ता रचलंत."

दार उघडलं आणि जयवंतराव आत आले. गॅलरीतून सगळं ऐकलं होतं त्यांनी. त्या घरात कुठून काय ऐकू येतं हे आता आम्हा सगळ्यांना कळून चुकलं होतं. "राजेश्वरी," ते म्हणाले, "पाठ दुखणारच होती. डॉक्टर म्हणाले होते. त्या इंजेक्शनने हाडं दुखतात, चार-पाच दिवस, घाबरू नका म्हणून. मला सांगितलं होतं त्यांनी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी... मी ऐकलं आणि तसाच पाणी आणायला गेलो."

तिने डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, आता बोलू नका, आधी दाखवा. ते जिना उतरून धावत गेले आणि स्कूटरच्या डिकीतून रुंद तोंडाच्या दोन बाटल्या घेऊन आले. एकीत तो बिघडलेला घाणा, मुठीएवढा पिवळट गोळा. टाकून द्यायला म्हणून हीनाबेननी दिला होता, आणि हा माणूस तो दोन आठवडे डिकीत घेऊन हिंडत होता. दुसरीत आधीच्या चांगल्या घाण्यातले सुटे मणी.

राजेश्वरीने सुटे मणी तळहातावर घेतले, खिडकीच्या उजेडात धरले, बोटाने पसरले. तिची नजर एकदम कारागिराची झाली. "ह्यांना भोक कुठंय?"

"भोक नसतं," जयवंतराव म्हणाले.

"मणी म्हणता आणि भोक नाही?"

आता हिला समजवायचं कसं? माझी नजर स्वयंपाकघराच्या फळीवर गेली. तिचं तोंड आलं तेव्हा मी माझ्याकडची जांभळ्या औषधाची जुनी बाटली मोठ्या तोऱ्यात आणून दिली होती. डॉक्टरांनी ती लावू दिली नाही, आणि बाटली तिथेच पडून होती. मी म्हटलं, जयवंतराव, काचेचा पेला आणा. त्यात पाणी घेतलं, एकच थेंब टाकला. पाणी जांभळं झालं. त्यांनी चमचाभर मणी घातले, स्टूल ओढलं आणि ढवळायला लागले.

एका लयीत चमचा फिरत होता. काचेला लागत नव्हता. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही, वेग वाढवला नाही, पेला उचलून बघितला नाही. राजेश्वरी बघत होती. जांभळं फिकं झालं, मग जांभूळ धुतलेल्या पाण्यासारखं, मग नुसती छटा, आणि खाली मणी गडद होत गेले. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ जयवंतराव बसलेले होते. डिसेंबरपासून पहिल्यांदा मी त्यांना बसलेलं पाहिलं.

पाणी नितळ झालं. राजेश्वरीने पेला हातात घेतला, फिरवून पाहिला. तिचा विश्वास बसला, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. मी सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात तिने तो प्रश्न विचारलाच.

"म्हणजे हे माझ्यासाठी करत होतात? माझ्यातून ते लाल असं काढून घेणार होतात?"

मी जयवंतरावांकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता याची आशा फुटणार आणि ती मी वेळेवर सांगितलं नाही म्हणून फुटणार.

"नाही," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नाहीत."

"मग?"

"यकृताच्या गाठीसाठी आहेत. तिथे औषध थेट यकृतात सोडतात. उरलेलं बाहेर पडतं त्या नळीत हे ठेवायचे, मोरीच्या जाळीसारखे. पुढे हृदयाकडे जायच्या आत धरायचं. तुझं तसं नाही. तुझं औषध सगळ्या अंगात फिरायलाच हवं. एखादा कण कुठे निसटला असेल तर त्याला गाठायला. ते धरलं तर तुझाच घात. मॅडमनी मी विचारलं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं."

"पहिल्याच दिवशी?" हे मी म्हटलं, तिने नाही.

"हो, बाई. तुमच्याकडे आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारलं मी."

म्हणजे सगळा महिना त्यांना माहीत होतं. मी इथे गॅलरीत बसून त्यांच्या भाबडेपणाची कीव करत होते, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग ढवळत कशाला होतात एवढं?" राजेश्वरीने विचारलं. "मला एकटीला टाकून?"

जयवंतराव चमच्याकडे बघत राहिले. "दुसरं काय येतं मला?" ते म्हणाले. "इथे बसलो तर तुझ्याकडे बघत बसावं लागतं, राजेश्वरी. आणि मला काही करता येत नाही."

खाली कुणाच्या तरी घरी झेंडावंदनाची गाणी अजून वाजत होती. राजेश्वरीने तो चिकटलेला गोळा बाटलीतून काढला, हातात घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला. मग तिने डोक्याचं फडकं सारखं केलं.

"रक्तवाल्याला बोलवा," ती म्हणाली. "आणि परवा माझ्याजवळ बसायचं. पाणी आणायला कुठे जायचं नाही. बाटल्या घरून न्यायच्या."

अठ्ठावीस तारखेला मीही गेले. लाल बाटली लागली, थेंब पडायला लागले. जयवंतरावांचा हात दर दोन मिनिटांनी त्या नळीच्या चाकाकडे जायचा. "वेग बदलायचा नाही," राजेश्वरी डोळे मिटूनच म्हणायची. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले, शाळेत खोडकर पोरांना मी बसवायची तसे. पण बसले. मी घड्याळ लावलं होतं. एक तास दहा मिनिटं.

तीन दिवस त्यांनी रजा काढली. पाठ पुन्हा धरली होती, पण या वेळी कशाने ते सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी राजेश्वरीनेच त्यांना घालवून दिलं. "जा, नाहीतर तुमची कोरफड मरेल." मी दुपारी तिच्यासोबत होते. ती कॉटवर, एक हात कमरेवर. साडेचारला तिचा फोन वाजला. माझा नाही, तिचा.

"राजेश्वरी, सांभळ!" तो आवाज फोनबाहेरही मावत नव्हता. "मणके सुटे आले! एकही चिकटला नाही! हात नाही लावला मी!"

तिने फोन कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे वळली. "बाई, माझे मणके सुटे झाले म्हणे," असं म्हणून तिने कळ येऊन कंबर दाबली, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता तिचं हसणं मधेच थांबलं.

"माझ्या कामाचे नाहीत ते," ती म्हणाली.

तेहतीस वर्षं बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईने उगाच तिची चादर सारखी केली.

"पण कुणाच्या तरी यकृतात असेलच की गाठ," तीच पुढे म्हणाली. "त्यांच्याही घरी कुणीतरी असंच फिरत असेल." मग फोनमध्ये, "ऐकलं हो. छान झालं. वाळत घातलेत ना? आता परत हात लावू नका. आणि येताना मोसंबी आणा."

फोन ठेवून तिने उशाखालचं दवाखान्याचं कार्ड माझ्याकडे दिलं. "चष्मा आहे ना? बघा बरं, चौथा डोस किती तारखेला आहे?"

मी चष्मा लावला. "अठरा फेब्रुवारी."

तिने बोटांवर दिवस मोजले आणि कोपऱ्यातल्या शिवणयंत्राकडे बघितलं. "मग सतराला तुमचं ब्लाउज घेऊन जा," ती म्हणाली. "अर्ध्या बाहीचेच मणी राहिलेत."